न्हाणीला कुलूप लावणारे मास्तर

आमच्या मास्तरांसमोर ‘थोडं’ म्हणायची सोय नव्हती. मराठीतून नाही आणि कानडीतूनही नाही. बंगळुरात राहायचं आणि ‘स्वल्प’ म्हणायचं नाही, ही काय शिक्षा आहे ते तिथं राहिलेल्यालाच कळेल. दूधवाल्यापासून देवळातल्या पुजाऱ्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो एकच शब्द. स्वल्प थांबा, स्वल्प सरका, स्वल्प साखर, स्वल्प उशीर. आणि आमचे हे घरमालक, तो शब्द कानावर पडला की हातातली काठी फरशीवर आपटून विचारायचे, “स्वल्प म्हणजे किती?”

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत हं. रेल्वेतले. हुबळी-धारवाडकडच्या लहान लहान स्टेशनांवर सगळी नोकरी केली आणि पेन्शन घेऊन चामराजपेटेत आले. तिथं त्यांचं वठार होतं. वठार म्हणजे मधे अंगण, भोवती भाडेकऱ्यांच्या दोन-दोन खोल्या, सगळ्यांत मिळून एक नळ आणि एक न्हाणी. न्हाणीत चुलीवर कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा, खालून जाळ घालायचा, आणि सकाळपासून पाळीपाळीनं आंघोळी उरकायच्या. त्या न्हाणीची किल्ली मास्तरांच्या जानव्याला.

मी लग्न होऊन साताऱ्याकडून आले ती थेट या वठारात. आमच्या यांना सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती, अजून कायम व्हायची होती. जागा बघायला गेलो तेव्हा मास्तर काळा कोट घालून, टोपी चढवून ओट्यावर उभे. नोकरी संपली तरी कोट काही अंगावरून उतरला नव्हता.

“किती माणसं?” त्यांनी विचारलं.

“दोघंच,” हे म्हणाले. “अधूनमधून थोडे पाहुणे येतील.”

“थोडे म्हणजे किती?”

“आता ते आधीच कसं सांगणार?”

“मग जावा, ठरवा आणि या.”

आणि खरंच परत पाठवलं हो! आम्ही रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. हे चिडलेले, “माणूस आहे की कोण!” मला नव्या नवरीला हसू आवरेना, पदर तोंडाला लावून उभी. मग हे परत गेले आणि शाळेतल्या मुलासारखे हात मागं बांधून म्हणाले, “वर्षातून एकदा माझी आई येईल, एकदा सासरे येतील.” मास्तर म्हणाले, “हे असं बोलावं माणसानं.” जागा मिळाली. पण यांचं आणि मास्तरांचं जे बिनसलं ते तिथूनच.

नळाला पाणी आलं की मास्तर शिट्टी वाजवायचे. त्यांच्याकडे दोन बावटे होते, एक लाल आणि एक हिरवा, ते सरकारी होते की स्वतःचे कुणी विचारलं नाही. हिरवा बावटा नळापाशी लागला की घागरी पुढं सरकायच्या. भांडणं लागली की लाल. मग सगळ्या बायका जागच्या जागी. बाहेरून आलेल्याला वाटे, हे काय चाललंय! आम्हाला सवय झाली होती.

आणखी एक. मास्तर कधी कुणाला “बरं आहे ना?” असं विचारत नसत. म्हणायचे, “त्याला सगळी माणसं ‘बरं आहे’ म्हणूनच सांगतात. ते काय उत्तर हाय? ती सवय हाय.” त्याऐवजी ते भलतंच विचारायचे. मी सकाळी नळावर गेले की, “तंगी, काल रात्री जेवलीस काय? किती भाकऱ्या?” तंगी म्हणजे धाकटी बहीण, तिकडं तरण्या मुलींना तसंच हाक मारतात. मी लाजेनं मेल्यासारखी व्हायची. भर अंगणात, दहा बायकांच्या समोर भाकऱ्यांचा हिशेब! पण त्यांना तो हवाच असायचा. कुणाची भूक गेली, कुणाला झोप नाही, कोण जिना चढताना मधेच थांबतं, सगळं त्यांना ठाऊक.

त्यांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. ठेंगण्या, तोंडानं फटकळ, मनानं लोण्यासारख्या. त्या आपल्या जाळीदार खिडकीतून म्हणायच्या, “ए बाई, जाऊ दे त्यांना. त्यांची गाडी येऊन जाऊ दे, मग तू रूळ ओलांड.” नवऱ्याला चिडवायची संधी त्या सोडत नसत. मास्तर जेवायला बसले की मुद्दाम विचारायच्या, “स्वल्प भात वाढू?” आणि ते ताट बाजूला सारून बसायचे.

असो. सांगायची आहे ती गोष्ट त्या फ्लूच्या साथीची.

सत्तावन्न साल. उन्हाळा चालू होता. मद्रासकडे माणसं पटापट आजारी पडताहेत असं आधी कानावर आलं. मग यांच्या कारखान्यात पाळीला येणारी माणसं कमी व्हायला लागली. मग गल्लीत, एका घरात तर स्वयंपाकाला उठेल असं कुणीच राहिलं नाही. लोक म्हणायचे, “काही नाही, हवा बदलली.” कुणी म्हणे आंबे खाल्ल्यानं. आम्ही बायका मिऱ्याचा कषाय, म्हणजे काढा, उकळायचो, ओवा भाजून शेक द्यायचो, नीलगिरीचं तेल चोळायचो. मास्तर त्याला नाही म्हणत नव्हते. “घ्या की, घशाला बरं वाटतं,” एवढंच म्हणायचे. पण एक दिवस त्यांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि साथ समजावून सांगितली. शब्द अजून माझ्या कानात आहेत.

“साधं पडसं हाय ते पॅसेंजर गाडीसारखं येतंय. हर एक स्टेशनाला थांबत. आधी नाक, मग घसा, मग कुठं कणकण. हा फ्लू मेलगाडी हाय. सकाळी माणूस धडधाकट कामाला गेला, दुपारी थंडी वाजून पडला. अंग फोडून काढतंय, डोकं उठतंय, कोरडा खोकला, पायात ताकद नाही. असं एकदम आलं की मला सांगायचं. लपवायचं नाही.”

“आणि सांगून काय होणार, मास्तर?” पद्मक्कांनी विचारलं. पद्मक्का म्हणजे आमच्या शेजारच्या, उडुपीकडच्या.

“बावटा लागणार.”

आणि लागला! ज्या घरात ताप, त्या दाराला लाल बावटा. लाल बावटा एकच होता, म्हणून अक्कांचं जुनं लाल लुगडं फाडून त्याचे तुकडे केले. लाल दारात दूधवाल्यानं पाय ठेवायचा नाही, बाहेर भांडं ठेवायचं. आजारी माणसाची ताटवाटी निराळी, खिडक्या उघड्या, खोकताना तोंडाला फडकं. आता हे सगळं कुणालाही शहाणपणाचं वाटेल. तेव्हा बायकांना तो अपमान वाटला हो. पद्मक्कांच्या दाराला पहिला तुकडा लागला, तर त्यांनी तो काढला, धुतला आणि दोरीवर वाळत घातला. मास्तरांनी तो ओला तसाच परत नेऊन लावला. पद्मक्का आतून कण्हत ओरडल्या, “माझ्या मुलीचं लग्न ठरायचंय! लोक काय म्हणतील, या घरात काय रोग आहे?” मास्तर बाहेरून म्हणाले, “लोक म्हणतील, या घरात शहाणी माणसं हायत.”

मग एका दुपारी आमचे हे कारखान्यातून सायकल हातात धरून, चालत आले. चढावर सायकल मारवेना म्हणाले. दारात आले ते तसेच कॉटवर आडवे. मी कपाळाला हात लावला तर चटका बसावा असं अंग. दात वाजताहेत, डोळे लाल. मास्तर खिडकीशी हजर.

“कधी आलं?”

“थोडी कणकण होती...” हे पुटपुटले.

“थोडी म्हणू नको! कधी आलं?”

“जेवणाच्या सुट्टीनंतर. एकदम.”

“मेल,” मास्तर म्हणाले आणि लाल चिंधी बांधायला लागले.

ताप चांगला सणसणून होता. मी पेज द्यायची, पाणी द्यायची, कपाळावर घड्या ठेवायची. मास्तर सकाळ-संध्याकाळ खिडकीतून विचारायचे, पाणी किती प्याले, लघवीला गेले की नाही, बोलणं सरळ आहे की बरळतात. मी लाजायचं सोडून दिलं होतं. आणि मग एका सकाळी घाम फुटून ताप उतरला. अंग गार. हे उठून बसले, चहा मागितला, मला म्हणाले, “हंडा तापव. डोक्यावरून न्हातो आणि उद्यापासून कामाला जातो. फोरमन वाट बघत असेल.”

आपल्याकडची रीतच आहे ना ती. ताप गेला की आजाऱ्याला डोक्यावरून न्हाऊ घालायचं. न्हाला की बरा झाला. कामाला मोकळा. माझ्या माहेरी तेच, सासरी तेच, तिथल्या कानडी घरांतही तेच, वर तेल चोळून. मला तर इतका आनंद झाला की मी शिकेकाई काढून ठेवली. लाकडं घेऊन न्हाणीशी गेले तर दाराला हे एवढं कुलूप!

“मास्तर, किल्ली द्या. यांना न्हायचंय. ताप गेला.”

“नाही मिळणार.”

मला आधी वाटलं चेष्टा करताहेत. मग कळलं की वठारातल्या कुणाही ताप आलेल्या माणसाला ते न्हाऊ देत नव्हते. बाकीच्यांनी पाळी आली की आंघोळ करायची, मास्तर स्वतः कुलूप काढणार, स्वतः लावणार. लोक म्हणायचे, म्हातारा लाकडं वाचवतोय. मलाही त्या क्षणी तसंच वाटलं.

हे बाहेर आले. भिंतीला धरून, पण तावातावानं. “मास्तर, हा ताप माझा आहे. तुमच्या स्टेशनातली गाडी नव्हे!”

मास्तरांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, “हे बघ बाबा. एक गाडी गेली म्हणून फाटक लगेच उघडायचं नसतंय. मागनं मोकळं इंजिन येतंय कधी कधी. त्याला ना दिवा, ना शिट्टी. आणखी चार दिवस पड. पेज खा. मग मी स्वतः तुला पाणी तापवून देतो.”

“आणि नोकरी गेली तर?”

“नोकरी दुसरी मिळतीय.”

“तुमचं काय जातं म्हणायला!”

मी यांना आत नेलं. दिवसभर कुरकुर चालली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर बाजारात गेले, मी नळावर होते. येऊन बघते तर यांनी चार तांबे गार पाणी अंगावर ओतून घेतलेलं, केस ओले, कपडे चढवलेले आणि सायकल दाराबाहेर. “न्हालो मी. बरा झालो,” म्हणाले आणि गेले. तेव्हाच्या बायका नवऱ्याचा हात धरून ओढत नसत.

मास्तर आले. सायकल नाही बघून दाराशी उभे राहिले. पिशवीतली भाजीसुद्धा खाली ठेवली नाही. मग घरात गेले.

मध्ये एक दिवस बरा गेला. हे म्हणाले, “बघ, उगाच घाबरवतो म्हातारा.” आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यातल्या दोघांनी यांना जटक्यात घालून घरी आणून सोडलं. जटका म्हणजे आपला टांगाच. परत ताप. पण या वेळेला ते निराळं होतं. पहिल्या तापात हे कण्हत होते, माझ्यावर चिडत होते, पाणी गरम आहे म्हणून तक्रार करत होते. आता तक्रार नव्हती. बसून होते, पुढं वाकून, आणि श्वास कसा तर धावून आलेल्या माणसासारखा. छातीच्या एका बाजूला हात दाबून धरलेला. एक वाक्य पुरं बोलवत नव्हतं.

पद्मक्का दारात आल्या. “स्वल्प दम लागलाय, छाती शेकून काढ,” म्हणाल्या. तोपर्यंत त्या उठून हिंडायला लागल्या होत्या. मी तव्यावर फडकं गरम करायला घेतलं. आणि अंगणापलीकडून मास्तरांची हाक आली. “तंगी! इकडं ये. धावत ये!”

मी गेले. ते बाहेर येईनात. त्यांच्या स्वतःच्या दाराला लाल चिंधी होती! सकाळपासून अक्का तापानं पडल्या होत्या. मास्तर खिडकीच्या आत उभे, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं.

“ओठ कसे हायत त्याचे? तांबडे का निळे?”

मी म्हटलं, “जरा काळपट...”

“जरा नको! जा, उजेडात बघून ये.”

मी बघून आले. निळसर होते. सांगताना माझा आवाज फुटला.

“रडायचं नंतर. जटका गेला नाही अजून, बघ, कोपऱ्यावर उभा हाय. त्यातनंच मोठ्या सरकारी दवाखान्यात ने. शेकत बसू नको, कषाय नको, काही नको. मी यायला पाहिजे होतं. पण हिला टाकून कसा येऊ, आणि घरातला ताप घेऊन गर्दीत कसा शिरू? तुलाच जायला पाहिजे.”

“मला कानडी येत नाही, मास्तर.”

“शिकवतो. म्हण.”

आणि त्या खिडकीच्या गजाला धरून त्यांनी मला कानडी शिकवलं. घरात त्यांची बायको तापलेली, माझ्या खोलीत माझा नवरा धापा टाकतोय, आणि आम्ही दोघं शाळा घेतोय. ज्वर बिट्टित्तु, मत्ते बंतु. ताप गेला होता, परत आला. एदे नोवु. छातीत दुखतंय. उसिराडोक्के आग्ता इल्ला. श्वास घेता येत नाही. तुटी नीली. ओठ निळे. माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाले, “तिथं दवाखान्यात शंभर माणसं असतील. सगळी म्हणतील स्वल्प ज्वर. डाक्टर तरी काय करंल? सगळ्यांना एकच बाटली भरून देईल. तू लाजलीस तर तुलाही बाटली मिळंल. मोठ्यानं बोल. ऐकू येईपर्यंत बोल.”

मी गेले. जटक्यात यांना माझ्या खांद्यावर टेकवून बसवलं होतं, आणि वाटभर मी ती चार वाक्यं जपासारखी म्हणत होते. जटकेवाला मागं वळून वळून बघत होता, त्याला वाटलं असेल बाई वेडी झाली.

दवाखान्यात मास्तर म्हणाले तसंच. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. माणसं भिंतीला टेकलेली, पोरं मांडीवर पेंगलेली, जिकडं तिकडं खोकला. एका टेबलाशी कंपाउंडर औषध ओतून देत होते, एकेकाला विचारत होते, आणि मास्तरांची शपथ, जो तो तेच सांगत होता. “काय होतंय?” “स्वल्प ज्वर, स्वामी.” “स्वल्प खोकला.” एका म्हातारीला धड उभं राहवत नव्हतं, तीही हसून म्हणाली, “स्वल्प सुस्ती,” म्हणजे थोडा अशक्तपणा. इतकी सभ्य माणसं ती! मोठ्या माणसासमोर आपलं दुखणं मोठं करून कसं सांगायचं, असं त्यांना वाटायचं. मलाही तसंच वाटत होतं. माझी पाळी आली, कंपाउंडरनं वर न बघता विचारलं, “ज्वराना?” आणि बाटली हातात घेतली.

मी हो म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं बघा.

मी मोठ्यानं म्हटलं. चारही वाक्यं, शिकवल्यासारखी, एका दमात. कंपाउंडरनं वर बघितलं. मी परत म्हटलं, त्याहून मोठ्यानं. सगळा व्हरांडा माझ्याकडं बघायला लागला. पलीकडच्या खोलीत एक डॉक्टरीण बाई होत्या, पांढऱ्या कोटातल्या, दमलेल्या. त्या दारात आल्या. “कोण ओरडतंय? काय म्हणालीस? ताप जाऊन परत आला?” मी मान हलवली आणि यांच्याकडं बोट दाखवलं. त्या सरळ यांच्यापाशी गेल्या, हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं, नखं बघितली, पाठीला नळी लावली, आणि लगेच दोन माणसांना हाक मारली. त्यांनी यांना उचलून आत नेलं. बाटली टेबलावरच राहिली.

फ्लूमागून न्यूमोनिया झाला होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, कमरेत पेनिसिलिनची इंजेक्शनं. त्या डॉक्टरीण बाई मला नंतर म्हणाल्या, “वेळेवर आणलंस. हे असे आजारी लोक आम्हाला पाहिजे असतात, आणि तेच घरी बसून राहतात.” मी त्यांना न्हाण्याचंही विचारलं. मनात ते टोचत होतं. त्या हसल्या. “पाण्यानं न्यूमोनिया होत नाही गं. पण न्हाला की माणूस उठतो, सायकल मारतो, कामाला जातो. अंगात ताकद नसताना उठला, तेच वाईट.” म्हणजे मास्तरांचं म्हणणं चुकलं होतं की बरोबर होतं? मी त्यावर पुष्कळ विचार केला आहे. कुलूप चुकीच्या दाराला होतं म्हणा हवं तर, पण ते लावणारा माणूस बरोबर होता.

मी दवाखान्यातच बाकावर बसून असायची. रोज दुपारी फाटकाशी मास्तर. आत येत नसत. घरात आजारी माणूस आहे ना, म्हणून. रखवालदाराच्या हाती पेजेचा डबा द्यायचे आणि लांबून ओरडून विचारायचे, “श्वास कसा?” मी लांबून ओरडून सांगायचे. पहिल्या दिवशी “तसाच.” मग “तसाच.” मग एकदा, “आज बोलले! पेज अळणी आहे म्हणाले!” रस्त्यावरच्या माणसांनी वळून बघितलं, कारण मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून हवेत हलवली. काळा कोट, पांढरी शेंडी आणि हातात टोपी. तसं मी त्यांना आधीही बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

अक्का बऱ्या झाल्या. त्यांना नुसताच ताप आला आणि गेला, आणि मास्तरांनी त्यांना इतकं झोपवून ठेवलं की त्या वैतागून गेल्या होत्या. मी घरी कपडे घ्यायला आले तेव्हा त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

“तुझा नवरा कुणामुळं जगला ठाऊक हाय?”

“मास्तरांमुळं, अक्का.”

“अगं नाही. माझ्या सवतीमुळं.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. मास्तरांचं आधी एक लग्न झालं होतं. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला मोठा इन्फ्लुएंझा आला तेव्हाची गोष्ट. मास्तर तेव्हा तरणे, लांबच्या एका स्टेशनावर नवे लागलेले, बायको गावी. गाडीनं येणाऱ्या गावच्या माणसाकडून निरोप आला, “सूनबाईला स्वल्प ज्वर आलाय, काळजी नको.” म्हणून हे गेले नाहीत. मग दुसरा निरोप, “ताप गेला, न्हाऊ घातलं.” हे खूश झाले. तिसरा निरोप घेऊन आलेला माणूस डब्यातून खाली उतरलाच नाही. दारात उभा राहिला नुसता.

“स्वल्प म्हटलं की त्यांना ती आठवते,” अक्का म्हणाल्या. “मी चिडवते, कारण कुणीतरी चिडवायला पाहिजे. नाहीतर माणूस घरात बोलणारच नाही. पण मी तिचा रागराग करत नाही गे. ती नसती तर या वठारात किती बायकांची कपाळं पांढरी झाली असती देव जाणे.” आणि मग एकदम, “जा, कपडे घे. आणि त्यांना सांगू नको मी सांगितलं म्हणून.”

मी नाही सांगितलं. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

हे घरी आले तेव्हा पोशाख खुंटीवर टांगल्यासारखा दिसायचा अंगावर. नोकरीचं काय होईल म्हणत होतो, तर फोरमन स्वतः त्याच तापानं पडून होता. कुणी कुणाला विचारायच्या अवस्थेत नव्हतं! महिन्यानं यांनी मनाचा हिय्या केला आणि मास्तरांच्या ओट्यावर गेले. मी मागं. यांना उपकार मानायचे होते, आणि ते यांना आजही जमत नाही. बराच वेळ हवेबद्दल बोलले, कारखान्याबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, “मास्तर, त्या दिवशी मी तुमचं ऐकलं नाही.”

“नाही ऐकलंस,” मास्तर म्हणाले.

“हिनं ऐकलं.”

“हिनं ऐकलं. तू नशीबवान हायस.” मग अक्कांना हाक मारून कॉफी मागवली. दोघं समोरासमोर बसून कॉफी फुंकत राहिले. मला आत रडू येत होतं आणि बाहेर हसू.

पुढं आम्हाला कारखान्याच्या वसाहतीत घर मिळालं. मास्तर आमच्या दोन्ही मुलांच्या बारशाला आले, काळ्या कोटात. पाळण्यात वाकून बघायचे आणि मला विचारायचे, “दूध किती पितंय?” अक्का आधी गेल्या, मग काही वर्षांनी मास्तर. यांनी दोन्ही वेळेला जाऊन खांदा दिला. आल्यावर बाहेरच्या पायरीवर बसून राहिले. मी जवळ जाऊन बसले. उपकार मानायची यांची हीच पद्धत, आणि मास्तरांना ती कळली असणार.

आता यांनी सत्तरी ओलांडली आहे. मी हे लिहिते आहे आणि बाहेर फाटकाशी यांचं रिक्षावाल्याशी भांडण जुंपलं आहे. मीटरवरून. हे मराठीत, तो कानडीत, मधूनमधून दोघंही हिंदीत. आवाज असा की समोरच्या घरातली सून बाहेर येऊन बघते आहे. आमची सूनबाई मघाशी मला म्हणाली, “आई, बाबांना आत बोलवा ना, उगाच छातीवर ताण येईल.” मी म्हटलं, राहू दे. एवढं लांबलचक वाक्य, मधे न थांबता, एका श्वासात म्हणताहेत. ऐकू दे मला.